इंग्रजीचे अध्यापक अहमद अली : श्रद्धा आणि लेखणी

भारतीय इंग्रजी कादंबरीचा विषय निघाला की मुल्कराज आनंद, राजा राव आणि आर. के. नारायण ही तीन नावे ओळीने घेतली जातात. त्यांच्याच पिढीतील अहमद अली (१९१०-१९९४) यांचे नाव बहुधा राहून जाते. दिल्लीत जन्मलेले, लखनौ विद्यापीठात इंग्रजी शिकविणारे आणि उर्दूत कथा लिहिणारे हे गृहस्थ. त्यांच्या लेखनाकडे मी वळले त्याला एक घरगुती कारण आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आजोबा माळकरी. इंग्रजी घेऊन बी. ए. करणार म्हटल्यावर ते एवढेच म्हणाले, "मग घरातला हरिपाठ तुला पटंल का?" या प्रश्नाचे उत्तर मला क्रमिक पुस्तकांत सापडले नाही.

डिसेंबर १९३२ मध्ये लखनौला 'अंगारे' हा संग्रह निघाला. सज्जाद झहीर, रशीद जहाँ, महमूदुझ्झफर आणि अहमद अली असे त्याचे चार तरुण लेखक. धर्माचा अवमान झाला म्हणून गदारोळ उठला आणि मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने पुस्तकावर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात अलाहाबादच्या 'लीडर' पत्रात लेखकांच्या बाजूचे निवेदन आले; त्यात माफी नव्हती. अहमद अलींच्या यातील एका कथेचे नाव 'महावटों की एक रात'. महावट म्हणजे हिवाळ्यातला पाऊस. छप्पर गळते आहे, लेकरे कुडकुडत आहेत आणि आई मनातल्या मनात देवाला जाब विचारते आहे. पागोळ्यांखाली रात्रभर भांडी मांडीत बसण्याची वेळ ज्यांच्यावर आली असेल, त्यांना ही बाई परकी वाटणार नाही. तिला नास्तिक म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. नसलेल्या देवाशी भांडणार कोण? आपली जनाबाई, आपले तुकोबा विठ्ठलाशी काय कमी भांडले?

१९४० साली लंडनच्या होगार्थ प्रेसने त्यांची 'ट्वायलाइट इन डेल्ही' ही कादंबरी प्रसिद्ध केली. १८५७ संबंधीच्या मजकुराला तिथल्या मुद्रकांनी हरकत घेतली होती. हॅरल्ड निकोल्सन यांनी अनुकूल मत दिल्यावर छपाई पुढे सरकली. कथा १९११ च्या दिल्ली दरबारापासून १९१९ पर्यंतची. मीर निहाल कबुतरे पाळतो, पतंग उडवितो, आणि डोळ्यांदेखत त्याचे शहर त्याच्या हातून जाते. बहादूरशहाच्या वंशातली गुलबानो दारोदार भीक मागते, तो भाग वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. पहाटेची अजान, गल्लीतले फेरीवाले, जनानखान्यातल्या बायकांची बोलणी हे सारे इंग्रजीत आहे, पण इंग्रजांचे मुळीच वाटत नाही. उर्दूत लिहिले तर ते उत्तर हिंदुस्थानच्या पट्ट्यातच राहील, असा त्यांचा हिशेब होता. पुढे त्यांच्या पत्नी बिल्कीस जहाँ यांनीच ती 'दिल्ली की शाम' या नावाने उर्दूत नेली.

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात इंग्रजी शिकवून १९४७ मध्ये ते चीनमधील नानकिंगला अभ्यागत प्राध्यापक म्हणून गेले. मागे फाळणी झाली. त्यांना भारतात परतता आले नाही आणि १९४८ साली ते कराचीला पोचले. ज्या दिल्लीवर जीव ओतून लिहिले ती परदेशात गेली! पुढे काही काळ पाकिस्तानच्या परराष्ट्र खात्यात नोकरी. त्या भागाचे मला फारसे कौतुक नाही.

१९८४ मध्ये त्यांचे कुराणाचे इंग्रजी भाषांतर कराचीत प्रसिद्ध झाले. 'अंगारे'नंतर ५२ वर्षांनी. बंडखोर म्हातारपणी धर्माकडे वळला, असे यावर सहज म्हणता येईल. पण मधल्या काळातले काम पाहावे. 'द गोल्डन ट्रॅडिशन' (१९७३) मध्ये त्यांनी उर्दू कवींना इंग्रजीत आणले. एकेका शब्दापाशी थांबून तो दुसऱ्या भाषेत पोचविणे हे तर त्यांचे वर्गातलेही काम. तीच सवय त्यांनी आपल्या धर्मग्रंथापाशी नेली, असे मला वाटते. ज्या भाषेमुळे पोरे घरच्या देवाला पारखी होतात असे आमच्या गावात समजतात, तीच ही भाषा. या भाषांतराच्या द्विभाषिक आवृत्तीत मूळ अरबी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापले आहे. कोणाला ताडून पाहायचे असेल तर त्याने खुशाल पाहावे.