जुनी मोटारसायकल घेताना भाव कसा ठरवावा?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घराघरांत दोन-तीन विषय हमखास निघतात. सोसायटीचे कर्ज, लेकीचे लग्न आणि पोराची गाडी. पहिल्या दोन विषयांवर आपण चार माणसांत बसून विचार करतो. गाडीच्या बाबतीत मात्र पोरगं कुठेतरी बघून येतं, "लई भारी कंडिशन हाय" म्हणतं आणि आपण पैसे मोजून मोकळे होतो. बैल घेताना दात बघणारा, चालवून बघणारा, उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरवणारा शेतकरी मोटारसायकलीपुढे असा गप्प का होतो, हे मला कोडेच आहे. यंत्र म्हणून आपण बिचकतो. पण यंत्रालाही दात असतात. ते कुठे बघायचे, ते या लेखात सांगतो.

निमित्त असे घडले. माझा पुतण्या भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. भाईंदर पश्चिमेला उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा गाव आहे, तिथे खोली घेऊन राहतो. २०२५ च्या डिसेंबरात त्याचा फोन आला, "तात्या, इथं शेजारी एक गाडी विकायला निघालीय. शंभर सीसी, २०२१ च्या ऑगस्टचं पासिंग, एकहाती. ४८ हजार म्हणतोय. गावाकडं न्यायला बरी पडंल." मी म्हटले, "पैसे देऊ नकोस, मी येतो." आणि आपल्या गावचा फिटर बरोबर घेऊन गेलो. जाण्यायेण्याला दोघांचा खर्च झाला, पण तो सार्थकी लागला, हे पुढे दिसेलच.

भावाचा पाया

विकणारा सांगतो तो भाव कशावर ठरतो? "मला पंचाण्णव हजारांना पडली" या वाक्यावर. हा हिशेब धरू नका. त्या रकमेत विमा, ॲक्सेसरी, हप्त्याचे व्याज असे सगळे मिसळलेले असते. एकरकमी रस्ताकर गाडीबरोबर आपल्याला मिळतो हे खरे, पण त्याचीही वर्षे सरलेली असतात. पाया धरायचा तो त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची आजची शोरूम किंमत. त्याने घेतली तेव्हाची नव्हे, आजची.

आजची का, ते बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. समजा कर सोडून गाडीची किंमत ६४,००० रुपये आहे. पूर्वी ती ८१,९२० ला पडत होती, आता ७५,५२० ला पडते. म्हणजे नवी गाडीच ६,४०० रुपयांनी उतरली. मग जुनी आपल्या जागेवर कशी राहील? पण विकणाऱ्याच्या डोक्यात जुनाच आकडा बसलेला असतो. तो लबाडच असतो असे नाही, त्याला खरोखर तसेच वाटते.

उलटही कधीकाळी होते. १९७० च्या दशकात बजाज चेतक स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट बघावी लागे, तेव्हा वापरलेली स्कूटर नव्या किमतीच्या वर विकली जात होती. आजही यामाहा आरएक्स १०० ला हौशी लोक वाटेल तो भाव देतात; ती गाडी १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद झाली. तो हौसेचा भाव आहे. वैरण आणायला आणि दूध घालायला जाणाऱ्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

आता वयाची घट. विमा कंपन्या गाडीची विम्याची किंमत ठरवताना एक कोष्टक वापरतात. तेच आपण पायली म्हणून घ्यावे. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के घट, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांपुढे कोष्टक नाही, दोघांनी मिळून ठरवायचे. मुर्ध्याची गाडी चार वर्षे चार महिन्यांची, म्हणजे निम्मी किंमत. शोरूम किंमत ७५,५२० धरली तर ३७,७६० रुपये झाले.

पण नुसत्या कोष्टकाने बाजार चालत नाही. ज्या गाडीचे सामान गावोगाव मिळते आणि जी ॲव्हरेज देते ती कोष्टकाच्या वर विकते. जी कंपनीने बंद केली, जिचे सामान पुण्या-मुंबईहून मागवावे लागते, ती खाली. म्हणून दुसरा हिशेब करायचा : तसल्याच, तेवढ्याच वयाच्या तीन गाड्या आसपास कितीला गेल्या ते विचारायचे. कितीला मागतात ते नाही, कितीला *गेल्या* ते. मागितलेला भाव आणि उरकलेला भाव यात गुऱ्हाळातला रस आणि गूळ यांच्याइतका फरक असतो. आम्ही तिथल्या दोन गॅरेजांत आणि एका ओळखीच्याकडे विचारले. ४१, ४२ आणि ४४ हजार असे आकडे आले. चांगल्या स्थितीतल्या गाडीला ४२ हजार वाजवी, असे आम्ही धरले.

पासिंगची तारीख आणि बनावटीची तारीख वेगळी असते, हेही ध्यानात ठेवावे. आरसीवर बनावटीचा महिना-वर्ष असते. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये पास झाली तर विकणारा एक वर्ष नवी म्हणून सांगतो. तसेच मार्च २०१७ च्या शेवटी बीएस-तीन गाड्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे १ एप्रिलपासून विकता येणार नव्हत्या, म्हणून दोन दिवसांत हजारो रुपये सूट देऊन खपवल्या गेल्या. त्या लॉटची गाडी आली तर "तुम्ही कितीला घेतली" हे बिल मागून बघायला हरकत नाही.

खाऱ्या हवेचे काय?

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातली शेकडो पोरे मुंबई-ठाण्याकडे आहेत आणि तिकडून गाड्या घेऊन येतात. मुर्धा, राई, मोर्वा हा सगळा पट्टा खाडी आणि मिठागरांच्या कडेचा. पुढे उत्तनला समुद्रच. वारा खारा. मिठाचा अंश लोखंडावर बसतो, हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि लोखंड बारा महिने ओले असल्यासारखे गंजत राहते. आपल्याकडे दहा वर्षे टिकणारा सायलेन्सर तिकडे निम्म्या काळात जाळी होऊ शकतो. गाडी लांबून आरशासारखी दिसते, कारण टाकी आणि फायबर पुसलेले असते.

आमचा फिटर टाकीकडे बघतच नव्हता. तो आधी खाली बसला, पार गुडघे टेकून. सायलेन्सरच्या पोटाला अंगठ्याने दाबून बघितले, मागच्या टोकाजवळ पत्रा आत गेला. रिमच्या आतून, जिथे आरे बसतात तिथे, तांबडी पूड होती. मग इंजिनाखालची चॅसिसची नळी, मधल्या स्टँडचे सांधे, बॅटरीची पेटी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून ठोकून आवाज ऐकत गेला. नवा काळा रंग मारलेला दिसला की जास्त संशय घ्यायचा. रंगाखाली पत्रा शाबूत असेल तर आवाज टणक येतो, पोकळ झाला असेल तर बद्द. पेट्रोलच्या टाकीचे झाकण काढून टॉर्चने आत बघितले.

ही गाडी चॅसिसला निभावली. वरवरचा गंज होता, पोटात गेला नव्हता. गेला असता तर आम्ही भावाची बोलणीच केली नसती. सायलेन्सर बदलता येतो, चॅसिसला मात्र वेल्डिंगचे ठिगळ लावून पोराला त्यावर बसवायचे, हे काही खरे नव्हे.

तिकडच्या गाडीला आणखी एक धोका, पाण्यात बुडाल्याचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा नाही तरी तिकडे दरवर्षी कुठे ना कुठे गाड्या पाण्यात उभ्या असतात. (कृष्णा-पंचगंगेच्या काठावर २०१९ आणि २०२१ साली आपणही हे बघितले.) बुडालेली गाडी ओळखायची खूण म्हणजे हेडलाइटच्या काचेच्या आत आणि मीटरमध्ये गाळाची रेघ, सीटखालच्या वायरींच्या तोंडाला हिरवट पूड, आणि इंजिनचे ऑइल दुधाच्या चहासारखे. ऑइल तसे दिसले तर राम राम करून निघावे.

चालवून बघणे

इंजिन आधी हात लावून बघा. गरम असेल तर विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवले आहे. "मी चहा पिऊन येतो" म्हणा, पुरते गार होऊ द्या आणि मग स्वतः सुरू करा. गार इंजिनच खरे बोलते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, खर्च मोठा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, तो बऱ्याचदा थोडक्यात आटोपतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांना बहुतेक कार्बुरेटर नसतो, पेट्रोलचे काम सेन्सर आणि कॉम्प्युटर बघतो. चावी फिरवली की मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाले की विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे. मुळी लागतच नसेल तर कोणीतरी दिवाच काढून टाकलेला असू शकतो, आणि ते जास्त वाईट.

मीटरवरच्या किलोमीटरवर भरवसा नको, ते मागे फिरवता येतात. पायाखालची रबरे, ब्रेकचे पॅडल, किकचे टोक किती झिजले ते बघा. मीटर बारा हजार म्हणतो आणि फूटरेस्टचे रबर गुळगुळीत झाले आहे, हे जुळत नाही. मुंबईकडच्या गाडीची क्लचप्लेट गर्दीत लवकर जाते. आपल्याकडच्या गाडीचे शॉकअप आणि मागचा सांगाडा दुधाच्या कॅनांनी बसतो. जिथली गाडी तिथला रोग.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट. आपल्याच उसाचे इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्या हिशेबाने बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत रबरी नळ्या आणि वॉशर लवकर बदलावे लागू शकतात. खर्च किरकोळ आहे. पण फार दिवस उभी असलेली गाडी घेतली तर टाकी रिकामी करून धुवून घ्यावी, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते.

कागद

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा. सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा बघतो तसे आरसीवर बँकेचे किंवा फायनान्सचे नाव आहे का ते बघा. असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गाडीचा नंबर घालून सरकारच्या परिवहन ॲपवर कितवा मालक, विमा कधीपर्यंत, बोजा आहे का, हे पाच मिनिटांत दिसते. चॅसिस नंबरावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासा आणि उठलेला आकडा आरसीशी ताडून बघा. नंबर खरवडलेला असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका. दमणच्या डीडी ०३ पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण परराज्यातली गाडी बारा महिन्यांवर इथे ठेवायची तर ना-हरकत दाखला, इथला कर आणि नवा नंबर आलाच. तो खर्च भावातून वजा करावा.

टीटी फॉर्मवर सही घेतली म्हणजे गाडी आपली झाली, असा मोठा गैरसमज आहे. नमुना २९ आणि ३० आरटीओत दाखल करून आरसीवर नाव चढले पाहिजे. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. आपली जुनी गाडी विकणाऱ्या सभासदांनी तर हे जास्त जपावे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितले की गाडी कितीही हातांतून पुढे गेली तरी अपघाताच्या वेळी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि भरपाई त्याच्यावर. गाडी दिली विकून, पैसे संपले, आणि चार वर्षांनी नोटीस दारात! व्यापाऱ्याला विकत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याकडे आरटीओचे अधिकारपत्र असावे लागते. ते बघून, गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद करून घ्यावी.

मुर्ध्याचा व्यवहार

शेवटी हिशेब असा झाला. सायलेन्सर ३,५००, मागचा टायर २,०००, मागचा रिम आणि आरे २,०००, चेन-सॉकेट १,५००, बॅटरी १,३००. एकूण १०,३००. हे भाव आमच्या फिटरने सांगितलेले, तुमच्याकडे कमीजास्त असतील. ४२,००० मधून वजा जाता ३१,७०० उरले. कागदावर लिहून विकणाऱ्यापुढे ठेवले. तो आधी रागावला. मग फिटरने त्याला खाली बसवून सायलेन्सरला अंगठा लावायला सांगितला. ४८ वरून ४० वर आला, ४० वरून ३५ वर, आणि तिसरा चहा झाल्यावर ३३ हजारांवर तुटले. तेराशे रुपये आम्ही जास्त दिले. माणूस सरळ वाटला, एकहाती गाडी होती आणि सर्व्हिसची बिले त्याने जपून ठेवली होती.

त्यातले २८ हजार बँकेतून दिले आणि ५ हजार नाव चढेपर्यंत राखून ठेवले, तसे दोघांच्या सहीने लिहून घेतले. माझ्याकडून एक चूक राहिलीच. ई-चलन बघायचे विसरलो. पुढे नाव चढवताना सिग्नल तोडल्याचे आणि हेल्मेटचे मिळून अडीच हजारांचे दंड निघाले. ते राखलेल्या पाच हजारांतून वळते केले, उरलेले अडीच हजार त्याला पाठवले. त्यानेही तक्रार केली नाही.

गाडी आता गावात आहे. रिम आणि सायलेन्सर बदलले, खालून चॅसिस घासून दोन हात गंजरोधक रंग मारला. फिटर म्हणतो, पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा खाली बसून बघायचे.