सासूबाईंचं हाड आणि तुझी झोप

हे बघ, झोप मोडून बघतेस ते मोबाइलवरचे हाडांचे व्हिडिओ आधी बंद कर. उज्जैनला नानाखेड्याच्या बसस्टँडवर सासूबाई पडल्या, नडगीचं हाड मोडून मध्ये पोकळी राहिली, डॉक्टर ती भरायची म्हणतायत. त्यात शेजारीण सांगून गेली, नॅनोवालं हाड घाला, महिनाभरात पळतील. खरं सांगू का, असं काही होत नसतं गं.

आपलं हाडच मुळात नॅनो. कोलॅजनच्या धाग्यांत कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक, जाडी जेमतेम काही नॅनोमीटर. आणि १ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा १० लाखावा भाग! त्याच जातीचे बारीक स्फटिक, म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट, प्रयोगशाळेत बनवून पोकळीत भरतात. कण जितके बारीक तितका पृष्ठभाग जास्त, त्यामुळे पेशींना धरायला जागा मिळते. वेलाला मांडव घालतो ना, तसं. वेल मात्र सासूबाईंचाच वाढायला हवा, त्याला रक्तपुरवठा हवा आणि जखमेत पू नको. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, डॉ. अनुया निसळ यांनी तर रेशमातल्या प्रथिनापासून हाडासाठी सच्छिद्र साहित्य केलंय. कौतुकच वाटतं बाई!

आता सासूबाई विचारणारच, ‘गाईचं तर नाही ना?’ लाजू नकोस, डॉक्टरांना सरळ विचार. जनावराच्या हाडापासून केलेलं साहित्य असतं, माणसाने दान केलेलं असतं आणि निव्वळ कृत्रिमही असतं. त्यांच्याच कमरेचं हाड घेता येईल का, हेही विचार. अजूनही तेच सर्वांत भरवशाचं मानतात. फक्त तिथे वेगळी चीर पडते आणि ती चांगली दुखते. पाकिटावर ‘नॅनो’ छापलंय म्हणून भारावून जाऊ नकोस. पोकळी केवढी, कुठे, यावर डॉक्टर काय ते ठरवतील. मन मानत नसेल तर एक्स-रे घेऊन इंदूरला दाखवून ये, तास-दीड तासाचा तर रस्ता.

घरचं तुझ्या हातात आहे. वरण, दूध, पनीर, अंडं चालत असेल तर अंडं. डिंकाचे लाडू मात्र जपून, त्यांना शुगर आहे. मी आमच्या आईला डबाभर खाऊ घातले होते, शुगरचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं म्हणून सांगू!

आणि सासूबाईंची ती मिसरी. लपूनछपून लावतात ते तुलाही माहीत आहे. तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो, ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घाल. रुसतील दोन दिवस, रुसू देत.