अचूकतेची कसोटी

प्रस्तावना

शिंप्याचे माप बोटभर चुकले, तर सदरा सैल होतो. सुताराचे माप चुकले, तर दार चौकटीला घासते. अशा चुका दुरुस्त करता येतात. काही व्यवसायांत मात्र केसाएवढी चूकही प्राणावर बेतते. दूर अंतरावरील लक्ष्याचा अचूक वेध घेणारी रायफल तयार करणे हा असाच एक व्यवसाय आहे. भारतात सैन्यासाठी रायफली तयार करण्याचे काम दीर्घकाळ केवळ शासकीय कारखान्यांकडे होते. स्प्रिंगा तयार करणाऱ्या बेंगळुरूच्या एका खासगी उद्योगसमूहाने या क्षेत्रात पाऊल टाकले. त्या धाडसाची ओळख या पाठातून करून घेऊ या.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• शस्त्रनिर्मितीचे क्षेत्र खासगी उद्योगांना केव्हा खुले झाले, हे सांगू शकाल;
• रायफलीची अचूकता कशावर अवलंबून असते, हे स्पष्ट करू शकाल;
• नव्या क्षेत्रात उतरणाऱ्या उद्योजकाची जोखीम आणि जबाबदारी यांविषयी आपले मत मांडू शकाल.

मूळ पाठ

१. बंद दार उघडले

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली भारत सरकारने औद्योगिक धोरणाचा ठराव केला. त्यानुसार शस्त्रास्त्रे व दारूगोळा यांचे उत्पादन केंद्र सरकारसाठी राखून ठेवण्यात आले. बिहारमधील मुंगेरसारख्या ठिकाणी नागरी वापराच्या बंदुका तयार करणारे परवानाधारक कारागीर होते. परंतु सैनिकांच्या हाती पडणारी रायफल पश्चिम बंगालमधील ईशापूर किंवा तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली यांसारख्या ठिकाणच्या शासकीय कारखान्यांतूनच येत असे. गरजेप्रमाणे ती परदेशातूनही आणली जाई.

मे २००१मध्ये हे चित्र पालटले. सरकारने संरक्षण उत्पादनाचे क्षेत्र खासगी भारतीय उद्योगांना परवान्याच्या अटीवर खुले केले. तरीही लहान शस्त्रांच्या निर्मितीत खासगी उद्योग लगेच उतरले नाहीत. २०१७ साली ग्वाल्हेरजवळील मालनपूर येथे इस्रायली कंपनीच्या सहकार्याने असा एक कारखाना सुरू झाला. तेथील शस्त्रांचे आराखडे मात्र परदेशी होते. स्वतःच्या आराखड्यानुसार अचूक वेधाची रायफल घडवणे, हे आव्हान अजून बाकी होते.

२. अचूकता कशी घडते?

रायफलीचा प्राण तिच्या नळीत असतो. भरीव पोलादी दांड्याला आरपार छिद्र पाडून नळी तयार करतात. छिद्र सरळ व गुळगुळीत झाल्यावर आतल्या बाजूस मळसूत्राप्रमाणे वळत जाणाऱ्या खाचा पाडतात. अशा खाचा पाडण्याच्या क्रियेवरूनच इंग्रजीत ‘रायफल’ हे नाव रूढ झाले. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. फिरता भोवरा जसा तोल सांभाळतो, तशी फिरती गोळी हवेत आपला तोल राखते. खाचेचा एक वेढा ३० सेंटिमीटर लांबीत पूर्ण होत असेल आणि गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर असेल, तर ती सेकंदाला अडीच हजारांहून अधिक वेळा फिरते!

अचूकता कोनात मोजतात. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. नळीची दिशा एवढ्या सूक्ष्म कोनाने जरी ढळली, तरी १०० मीटरवर गोळी सुमारे ३ सेंटिमीटर बाजूला जाते. १,००० मीटरवर हेच अंतर सुमारे २९ सेंटिमीटर होते. नेमबाजाच्या हातून चूक झाली नसली, तरी नेम चुकतोच.

हा दोष अनेक ठिकाणांहून येऊ शकतो. पोलादात ताण उरला असेल, तर नळी तापल्यावर किंचित वाकते. काडतूस बसण्याची जागा नळीच्या मध्यरेषेत नसेल, तर गोळी तिरकी शिरते. दस्त्यावर रायफलीची बैठक घट्ट नसेल, तर प्रत्येक धक्क्यानंतर ती जागा बदलते. म्हणून येथे मोजमाप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात करावे लागते. एक उत्तम रायफल घडवणे कठीणच. पण तिच्यासारखीच शंभरावी रायफल घडवणे त्याहून कठीण असते.

३. स्प्रिंगचा अनुभव

बेंगळुरूचा स्टम्प शूले अँड सोमाप्पा हा उद्योग जर्मन सहकार्याने उभा राहिला. वाहनांना लागणाऱ्या स्प्रिंगांसाठी तो ओळखला जातो. याच समूहातून एस.एस.एस. डिफेन्स ही कंपनी पुढे आली.

स्प्रिंग आणि रायफल यांचा संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. चाप ओढताच काडतुसाच्या बुडावर आघात करणारी पिन स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावते. पेटीतील पुढचे काडतूस स्प्रिंगच वर ढकलते. हजारो वेळा दाबली गेल्यावरही स्प्रिंगचा जोर तोच राहावा लागतो. पोलादाची पारख, उष्णतेची प्रक्रिया आणि प्रत्येक नगाची तपासणी ही शिस्त या उद्योगाच्या अंगवळणी पडलेली होती. नळी, बोल्ट आणि चापाची रचना यांचे ज्ञान मात्र नव्याने मिळवायचे होते.

४. जोखीम आणि जबाबदारी

भारतीय सैन्याकडे अचूक नेमबाजीसाठी रशियन बनावटीची द्रागुनोव्ह रायफल होती. तिचा पल्ला सुमारे ८०० मीटर. नियंत्रण रेषेवर याहून लांब पल्ल्याच्या रायफलीची गरज भासू लागली. २०१८ साली ५,७१९ नव्या रायफलींसाठी निविदा मागवण्यात आल्या. पण २०१९मध्ये ती प्रक्रिया रद्द झाली. तातडीची गरज भागवण्यासाठी त्याच वर्षी इटली व अमेरिका येथील काही रायफली सैन्यात दाखल झाल्या.

अशा वेळी, २०२०च्या प्रारंभी, एस.एस.एस. डिफेन्सने दोन रायफली लोकांसमोर आणल्या. ‘वायपर’ ७.६२ मिलिमीटर गोळीची असून तिचा पल्ला १,००० मीटर आहे. ‘सेबर’ ८.६ मिलिमीटर गोळीची असून ती १,५०० मीटरपर्यंत वेध घेते. प्रत्येक गोळी झाडल्यावर दोन्हींचा बोल्ट हाताने मागे-पुढे सरकवावा लागतो. या रचनेत हलणारे भाग कमी असल्याने अचूकतेला मदत होते.

मात्र वस्तू तयार झाली म्हणजे ती विकली जाईलच, असे या क्षेत्रात नसते. वाहनाच्या सुट्या भागांना अनेक ग्राहक मिळतात. सैनिकी शस्त्रांचा देशातील ग्राहक मुख्यतः सरकारच. चाचण्यांसाठी शस्त्र स्वखर्चाने न्यावे लागते आणि चाचणीत उतरले तरी खरेदीची हमी नसते. यंत्रांवर खर्च झालेला पैसा वर्षानुवर्षे अडकून पडतो. २०२४ साली ‘सेबर’ रायफली एका मित्रदेशाला निर्यात करण्याचे कंत्राट या कंपनीला मिळाल्याचे जाहीर झाले. ज्या देशाने अशा रायफली परदेशातून आणल्या, त्याच देशातून आता त्या बाहेर जाणार होत्या.

शस्त्र ही इतर मालासारखी वस्तू नव्हे. तिच्या निर्मितीला १९५९च्या शस्त्र अधिनियमाचे बंधन असते आणि निर्यातीलाही सरकारची अनुमती लागते. ओलीस धरलेल्या माणसाच्या खांद्याआड अतिरेकी उभा असतो, तेव्हा दोघांमधले अंतर वीतभरही नसते. चाप ओढणाऱ्या जवानाचा त्या क्षणी आपल्या रायफलीवर विश्वास असावा लागतो. तो विश्वास कारखान्यातील तपासनिसाच्या टेबलावर तयार होतो. म्हणूनच दिसायला निर्दोष वाटणारी, पण मापात न बसणारी नळी तो निःसंकोच बाजूला ठेवतो.

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. संरक्षण उत्पादनाचे क्षेत्र खासगी उद्योगांना खुले झाले ते वर्ष –
(अ) १९४८ (आ) १९५९ (इ) २००१ (ई) २०१७
२. नळीतील खाचांमुळे गोळी –
(अ) तापते (आ) स्वतःभोवती फिरते (इ) मंदावते (ई) तिरकी जाते

शब्दार्थ

चाप – रायफल झाडण्यासाठी ओढायची कळ
दस्ता – रायफल खांद्याला टेकवण्याचा व धरण्याचा भाग
पल्ला – गोळी प्रभावीपणे पोहोचते ते अंतर
निविदा – ठरावीक अटींवर किंमत कळवून केलेला लेखी देकार
अंगवळणी पडणे – सवयीचे होणे

स्वाध्याय

१. ‘एक उत्तम रायफल घडवणे कठीणच, पण तिच्यासारखीच शंभरावी रायफल घडवणे त्याहून कठीण असते.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. स्प्रिंगनिर्मितीचा अनुभव रायफलनिर्मितीत कसा उपयोगी पडला आणि कोठे अपुरा ठरला?
३. एकच मुख्य ग्राहक असलेल्या व्यवसायातील जोखीम पाठाच्या आधारे लिहा.
४. तुमच्या कामात किंवा तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराच्या कामात अचूकतेला कोणते स्थान आहे? आठ-दहा वाक्यांत लिहा.