पेट्रोल, पंख आणि पावती

आपल्या मासिकाच्या इंग्रजी पानांवर दरवर्षी विमानं येतात, पण ती बहुतेक बोइंग किंवा सुखोई असतात. मी आज एका अशा विमानाबद्दल लिहिणार आहे ज्याचं इंजिन जेमतेम १२०० सीसीचं, ताकद ८० हॉर्सपॉवर, आणि पायलट, पेट्रोल, सामान सगळं धरून वजन साडेपाचशे किलोंच्या आसपास. असल्या विमानातून आरोही पंडित या मुंबईच्या मुलीनं मे २०१९ मध्ये अटलांटिक महासागर ओलांडला. एकटीनं. तेव्हा ती २३ वर्षांची होती, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलींपेक्षा फार मोठी नाही. लाइट स्पोर्ट प्रकारच्या विमानातून अटलांटिक एकटीनं पार करणारी ती जगातली पहिली स्त्री.

(मी अकोटची, शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मराठी विभागाच्या संपादकांवर!)

विमानाचं नाव 'माही'. स्लोव्हेनियात बनलेलं पिपिस्ट्रेल सायनस ९१२. जुलै २०१८ मध्ये आरोही आणि तिची मैत्रीण कीथेअर मिस्किटा या दोघी त्यातून पतियाळ्याहून निघाल्या. पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान, युरोप असं करत ब्रिटनपर्यंत पोचल्या. पुढचा समुद्र आरोहीनं एकटीनं पार केला, कारण दुसऱ्या सीटची जागा जादा पेट्रोलला आणि बचावाच्या सामानाला हवी होती. यात हिशेब साधा आहे. एक लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ७२० ग्रॅम. शंभर लिटर जास्तीचं घ्यायचं तर ७२ किलो झाले, म्हणजे एक मैत्रीण खाली उतरवायलाच लागते. स्कॉटलंडमधल्या विकहून निघून आइसलँड, ग्रीनलंड असे मुक्काम करत ती कॅनडातल्या इकालुइटला उतरली. जवळजवळ ३००० किलोमीटर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिनं अलास्कातून बेरिंग समुद्र ओलांडून रशिया गाठला.

आता थोडा अभ्यास करू. घाबरू नका, इंटिग्रेशन नाही.

सायनसचे पंख टोकापासून टोकापर्यंत १५ मीटर, कारण ते मुळात मोटर बसवलेलं ग्लायडर आहे. इंजिन बंद पडलं तर एक मीटर खाली येईपर्यंत ते सुमारे २७ मीटर पुढे सरकतं. फ्लाइंग क्लबातल्या सेसना १७२ चा हाच आकडा नऊच्या आसपास. म्हणजे तीन किलोमीटर उंचीवर इंजिन गेलं तर सेसनाकडे २७ किलोमीटर असतात, सायनसकडे ८० च्या आसपास. जमिनीवर एवढ्यात शेत सापडतं. समुद्रावर मात्र ऐंशी किलोमीटरनंतरही समुद्रच असतो, म्हणून त्या प्रवासात थंड पाण्यात तग धरता येईल असा सूट घालून बसतात. लांब पंखांचा खरा फायदा पेट्रोलमध्ये. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोहीनं जे. आर. डी. टाटांच्या १९३२ सालच्या कराची-मुंबई टपाल उड्डाणाची आठवण म्हणून भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत उड्डाण केलं, ऑटोपायलट आणि जीपीएस न वापरता. पेट्रोल साठ लिटरच्या आत बसवायचं ठरलं होतं. सरळ रेषेत हे अंतर साधारण ७४० किलोमीटर भरतं. लिटरला बारा! आपल्या रेक्टर सरांची गाडी शहरात एवढं देत असेल का, हे सरांनाच विचारा.

पण समुद्रावरचा सगळ्यात सुंदर प्रश्न मायलेजचा नाही. तो आहे परत फिरण्याच्या शेवटच्या जागेचा. निघाल्यापासून एक क्षण असा येतो की त्यापुढे गेलं तर मागे यायला पेट्रोल पुरत नाही. ही जागा कुठे असते? समजा, हवेतला वेग तासाला १८० किलोमीटर, आणि राखीव साठा बाजूला काढून ८ तासांचं पेट्रोल आहे. वारा नसेल तर उत्तर शेंबडं पोरही सांगेल: चार तास, ७२० किलोमीटर. आता समोरून ३० किलोमीटरचा वारा घ्या. जाताना वेग १५०, येताना २१०. सूत्र असं: एकूण तास गुणिले परतीचा वेग, भागिले दोन्ही वेगांची बेरीज. म्हणजे ८ गुणिले २१०, भागिले ३६०. चार तास चाळीस मिनिटं आणि अंतर ७०० किलोमीटर. ठीक आहे, समोरचा वारा वाईटच. मग तोच वारा पाठीवर घ्या. जाताना २१०, येताना १५०. तीन तास वीस मिनिटं, आणि अंतर? पुन्हा ७००!

मी हे गणित तीनदा केलं. वारा पुढून येवो की मागून, ती जागा अलीकडेच सरकते. आणि पाठीवर वारा असताना तर ती वेळेच्या हिशेबानं फारच लवकर येते. विमान झकास पळत असतं, सगळं छान चाललेलं असतं, आणि त्याच भरात परतीची वेळ निघून जाते.

दुसरा शत्रू बर्फ. आणि तो पंखांवरच बसतो असं नाही, कार्ब्युरेटरमध्येही बसतो. हवा अरुंद नळीतून जाताना दाब कमी होतो, शिवाय पेट्रोलचं बाष्पीभवन होतं, दोन्हींमुळे तापमान एकदम खाली येतं. बाहेर शून्याच्या वर बरंच तापमान असलं तरी दमट हवेतलं पाणी आत गोठू शकतं आणि इंजिनाची हवाच अडते. पंखांवर बर्फ साचला तर वजन वाढतं ही छोटी गोष्ट. पंखाचा आकार बिघडतो आणि लिफ्ट जाते ही मोठी. असल्या लहान विमानात बर्फ काढायची यंत्रणा नसते. उपाय एकच, ढगात शिरायचं नाही, हवामान वाईट असेल तर खाली बसून राहायचं. बसून राहायचं, हे शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

हे सगळं दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आजीला सांगत होते. सांगता सांगता हेही सांगितलं की काही लोक अशी उड्डाणं दवाखान्यासाठी, शाळेसाठी पैसे जमवायला करतात. आजी वाती वळत होती. म्हणाली, "अवं, दवाखान्याले पैसे द्याचे हायेत तं देऊन टाका नं. त्याच्यासाठी इमान काहाले उडवा लागते?"

खरं सांगते, सेमिनारमध्ये मला कोणी इतका सरळ प्रश्न विचारलेला नाही.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला दरवर्षी एक कार्ड द्यायच्या. वॉकेथॉन. घरोघरी जायचं, मैदानाच्या एका फेरीला किती देणार ते लिहून घ्यायचं, मग चालायचं. शेजारचे काका एरवी वर्गणी म्हटलं की दार लोटून घ्यायचे, पण कार्डावर फेरीला दोन रुपये लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे, "मग, किती झाल्या?" माझ्या मते उत्तर इथेच आहे. माणूस चालण्यासाठी पैसे देत नाही. पण कोणीतरी आपल्या अंगाला तोशीस लावून घेतोय हे दिसलं की त्याला नाही म्हणणं जड जातं. वर, त्याला पुढे काय झालं ते ऐकायचं असतं. विमान हे त्याच कार्डाचं मोठं रूप.

आपल्याकडचं चांगलं उदाहरण रवी बन्सल यांचं. जन्म अंबाल्याचा, उद्योग अमेरिकेत बफेलो इथे. २०१७ मध्ये त्यांनी एका इंजिनाच्या सेसना ४०० मधून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, अंबाल्याच्या रोटरी कॅन्सर रुग्णालयाला एमआरआय मशीन मिळावं म्हणून. आरोहीच्या मोहिमेचा सूर वेगळा होता, मुलींनी विमानक्षेत्रात यावं हा. पण मला बन्सल यांचं जास्त पटतं, कारण त्यात मागितलेली वस्तू दिसते. 'आरोग्यासाठी मदत' म्हटलं की दहा रुपये निघतात. 'आपल्या गावच्या दवाखान्यात हे एक मशीन' म्हटलं की माणूस विचार करतो.

तरीही आजीचा प्रश्न पूर्ण सुटत नाही. पृथ्वीप्रदक्षिणेला पेट्रोल लागतं, विमानतळांची फी, विमा, सुटे भाग, मुक्काम लागतात. हे जर जमलेल्या देणगीतूनच जाणार असेल तर आजी शंभर टक्के बरोबर आहे; सरळ देऊन टाकावेत. म्हणून खिसे दोन हवेत. उडण्याचा खर्च उडणाऱ्यानं किंवा प्रायोजकानं उचलायचा, आणि देणगीदाराचा रुपया त्याला न शिवता दवाखान्यात पोचायचा. ज्या मोहिमेत हे दोन खिसे वेगळे दाखवता येत नाहीत, तिला मी फेरीला दोन रुपयेसुद्धा लिहिणार नाही.

आणि एक किंमत पावतीवर येतच नाही. जून २०१४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानाहून १७ वर्षांचा हॅरिस सुलेमान वडिलांबरोबर, बाबर सुलेमान यांच्याबरोबर, एका इंजिनाच्या बोनान्झातून निघाला. ३० दिवसांच्या आसपास पृथ्वीप्रदक्षिणा करायची आणि पाकिस्तानात गरीब मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या द सिटिझन्स फाउंडेशनला १० लाख डॉलर जमवून द्यायचे. जवळजवळ सगळी फेरी झाली होती. जुलैत पॅसिफिकमधल्या अमेरिकन सामोआतून रात्री उड्डाण केल्यावर थोड्याच वेळात विमान समुद्रात कोसळलं. हॅरिसचा मृतदेह मिळाला. वडिलांचा शोध लागला नाही.

तारखेच्या घाईनं ते गेले असं मी म्हणत नाही, तसं म्हणायचा मला अधिकार नाही. पण हॉस्टेलच्या खोलीत बसून मी विचार करते तो असा, की वर सांगितलेलं 'बसून राहायचं' हे अशा मोहिमेत किती अवघड होत असेल. विक्रमाला तारीख असते, देणगीदार वाट बघत असतात, पुढच्या गावी स्वागताचे हार आणलेले असतात. वारा पाठीवर असतो. गणितानं दाखवलंच की तेव्हाच परतीची जागा लवकर येते.

२०२५ मध्ये तर वेगळाच प्रकार झाला. ईथन गुओ हा १९ वर्षांचा अमेरिकन मुलगा लहानग्यांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या सेंट ज्यूड रुग्णालयासाठी १० लाख डॉलर जमवायला सातही खंडांवर एकट्यानं उडत होता. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर चिलीच्या धावपट्टीवर तो उतरला. परवानगी नव्हती, उड्डाणाचा आराखडा खोटा दिला, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. काही आठवडे तो तिथेच अडकून पडला. शेवटी खटला मिटला तो एका अटीवर: कॅन्सरग्रस्त मुलांसाठीच्या संस्थेला त्यानं ३० हजार डॉलर द्यायचे. काम चांगलं म्हणून टॉवर नियम सोडत नाही, आणि माझ्या मते सोडूही नये.

या सगळ्यांत मला आवडलेली गोष्ट मात्र फार जुनी आणि फार स्वस्त आहे. १९३० मध्ये आगाखानांनी भारत-इंग्लंड एकट्यानं उडणाऱ्या भारतीयाला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. कराचीहून निघाले होते, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला जे. आर. डी. उतरले तर अस्पी तिथे स्पार्क प्लगवाचून अडकलेले. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे सुटे प्लग त्यांना देऊन टाकले. बक्षीस अस्पींना मिळालं, काही तासांच्या फरकानं. पुढे ते भारताचे हवाईदल प्रमुख झाले.

आता हे सगळं मी का लिहिलं, तर आपल्या हॉस्टेलवर सध्या एक बेत चाललाय म्हणून. मेसमधल्या एका मावशींच्या यजमानांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. त्यांचं गाव आमच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि किडनीचे पेशंट गल्लीगणिक सापडतात. डायलिसिस योजनेतून होतं. जाण्यायेण्याचं भाडं, काही औषधं आणि बुडालेली रोजी योजनेत बसत नाही. सेकंड इयरच्या मुलांनी सुचवलंय की कॉलेज ते अकोट आणि पुढे नरनाळ्याच्या पायथ्याशी पोपटखेडपर्यंत सायकल चालवायची आणि किलोमीटरवर पैसे मागायचे. आपल्याकडे विमान नाही, सायकली आहेत, त्यातल्या निम्म्यांना ब्रेक आहेत.

मी यात आहे. पण मीटिंगमध्ये मी तीन गोष्टी मांडल्या आणि त्यावर बरंच भांडण झालं. टी-शर्ट आणि नाश्ता जमलेल्या पैशातून नाही, ज्याचा त्यानं आणायचा. मावशींचा फोटो पोस्टरवर नाही. त्यांना विचारलं तर त्या भिडेपोटी हो म्हणतील, म्हणून विचारायचंच नाही. आणि पाऊस आला तर तारीख पुढे, मग पाहुण्यांना काहीही कळवलेलं असो. पहिल्या दोन मंजूर झाल्या. तिसरीवर मुलं म्हणाली की प्रमुख पाहुण्यांची तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळाली आहे. रेक्टर सर म्हणाले, "बघू." पुढची मीटिंग बुधवारी रात्री जेवणानंतर, मेसमध्येच आहे. कार्डं माझ्याकडे रूमवर आहेत, किलोमीटरला किमान एक रुपया, सुट्टे आणावेत.