घरच्या चलच्चित्रांची मूळ तारीख

ज्येष्ठ वद्यांत आळंदीहून निघालेली श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिघी, कळस मागें टाकून विश्रांतवाडीच्या रस्त्यानें पुण्यास जाते. रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून तिचें चलच्चित्र मोबाइलवर घेणारे लोक आतां घरोघर आहेत. टाळ, पताका, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया आणि वर पावसाचें मळभ. एका वर्षाचें चित्रण दुसऱ्या वर्षाच्या चित्रणासारखेंच दिसतें. तें कोणत्या सालचें हें पुढें सांगणार कोण? फाइलीबरोबर नोंदलेली तारीख, दुसरें कोणी नाहीं. २०२० व २०२१ या दोन सालीं सांथीमुळें नेहमींची पायीं वारी झाली नाहीं. पादुका बसनें पंढरपुरास नेण्यांत आल्या. परंतु त्याच टाळेबंदींत घरीं बसून कोणी आपलीं जुनीं चित्रणें मोबाइलांतून संगणकावर उतरविलीं असतील, तर माणसांनीं फुललेल्या रस्त्याच्या चित्रणावर ‘जून २०२०’ असा शिक्का बसलेला असण्याचा संभव आहे. उद्यां नातवंडांनीं तो खरा मानला तर त्यांस दोष कसा द्यावा?

तारखेची खूण पुसली म्हणजे पंडितांचीहि कशी पंचाईत होते, याचें उदाहरण आपल्या पुण्यांतच आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत लोकांपुढें आला. त्याच्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें अशीं दोनच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत उरलीं आहेत. पण फाळक्यांनीं तीच कथा १९१७ सालीं पुन्हा चित्रित केली होती. आणि उरलेलीं रिळें १९१३ चीं नसून या दुसऱ्या चित्रपटाचीं आहेत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. एवढ्या थोर कृतीची ही कथा, मग आपल्या घरच्या बारशाची काय!

आतां फाइलीला तारखा किती असतात तें पाहूं. आमच्या मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरांत जन्माची तारीख एका रकान्यांत व बाप्तिस्म्याची दुसऱ्या रकान्यांत असते. पुढें शाळेसाठीं दाखल्याची नक्कल घेतली, कीं पाळकांच्या सहीजवळ पडते ती नक्कल दिल्याची तारीख. ती जन्मतारीख आहे असें कोणी शहाणा समजत नाहीं. चित्रणाच्या फाइलीचेंहि असेंच आहे. चित्रण केव्हां झालें ही नोंद कॅमेरा फाइलीच्या पोटांत लिहितो. आणि ही फाइल या यंत्रावर केव्हां तयार झाली ही नोंद संगणक बाहेरून लावतो. फोल्डर उघडतांच डोळ्यांपुढें येते ती बहुधा बाहेरचीच, म्हणजे नकलेची तारीख. घोटाळ्याचें मूळ येथें आहे.

छायाचित्रें सांभाळणाऱ्या प्रणालींतून चित्रण बाहेर काढतांना, म्हणजे एक्स्पोर्ट करतांना, ती पुष्कळदां चित्रण नव्यानें बांधते आणि त्यांत आंतली नोंदहि बदलण्याचें किंवा गळण्याचें भय असतें. म्हणून अ‍ॅपलच्या ‘फोटोज’मध्यें ‘एक्स्पोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल’ हा मार्ग धरावा. त्यानें मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. बाहेरची तारीख आजची दिसली तरी घाबरूं नये. मात्र एक सूक्ष्म गोष्ट आहे. ‘फोटोज’मध्यें बसून आपण एखादी चुकीची तारीख सुधारली असेल, तर ती सुधारणा त्या संग्रहाच्या वहींत राहते, मूळ फाइलींत उतरत नाहीं, आणि मूळ फाइल बाहेर काढली कीं जुनी चूक पुन्हा पुढें येते. गूगलचा संग्रह ‘टेकआउट’नें उतरविल्यास तारीख निराळ्या छोट्या ‘जेसन’ फाइलींत येते. निरुपयोगी समजून ती पुसूं नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीविषयीं तर न बोललेलें बरें. तिच्या नांवांतील तारीख पाठवणीची, प्रसंगाची नव्हे. आप्तांकडून मूळ फाइलच मागून घ्यावी.

विद्यार्थी आम्हांस विचारतात कीं नाताळचें चित्रण आदल्या दिवसाचें कां दिसतें. कारण असें कीं, पुष्कळशा चित्रणांत आंतली वेळ ग्रीनिचच्या मानानें लिहिलेली असते आणि आपलें घड्याळ तिच्या साडेपांच तास पुढें आहे. मध्यरात्रीच्या उपासनेंत २५ डिसेंबरला बारा वाजून पंधरा मिनिटांनीं घेतलेलें चित्रण आंत २४ डिसेंबर, सायंकाळीं पावणेसात असें नोंदलें जातें. प्रणालीनें तें अंतर मिळविलें नाहीं तर सणाचा दिवसच हुकतो. तसेंच एखाद्या फाइलीवर १९०४ साल दिसल्यास तो चमत्कार समजूं नये. त्या जातीच्या फाइलींत काळ १ जानेवारी १९०४ पासून सेकंदांनीं मोजतात; रकाना रिकामा राहिला, शून्य पडलें, कीं तोच दिवस दिसतो.

‘एक्झिफटूल’ नांवाच्या विनामूल्य साधनानें आंतल्या नोंदी वाचतां व दुरुस्तहि करतां येतात. वरच्या वर्गांतील मुलांनीं तें शिकावें, पण आधीं प्रतीवर हात बसवावा. ज्यांस तें जमणार नाहीं त्यांनीं खरी तारीख फाइलीच्या नांवांतच घालावी: प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, जसें ‘२०१८-१२-२५ नाताळ’. म्हणजे फाइली आपोआप कालक्रमानें लागतात.

पालकांजवळच्या जुन्या कॅसेटींचें काम अधिक कठीण. दुकानांतून त्या संगणकावर उतरवून आणल्या कीं सर्वांवर उतरविल्याचाच दिवस पडतो. चित्राच्या कोपऱ्यांत उमटलेल्या आंकड्यांवरहि डोळे मिटून भरंवसा नको. कॅमेऱ्याचें घड्याळ लावलेलें असेलच असें नाहीं. लग्न असेल तर पत्रिका व चर्चचें विवाह-रजिस्टर पाहावें. तेंहि नसेल तेव्हां लूकाची रीत बरी: त्यानें योहानाच्या सेवेचा काळ तिबिर्य कैसराच्या कारकीर्दीच्या पंधराव्या वर्षावरून नोंदविला. आपणहि कडेवरचें मूल कोणतें, घराला जिना झाला होता कीं नाहीं, आजोबा हयात होते कीं नाहीं, यांवरून साल ठरवावें आणि नांवापुढें ‘अंदाजें’ हा शब्द न लाजतां लिहावा. कॅसेटीच्या खोक्यावर वडिलांच्या हातची चिठ्ठी असल्यास तिचें छायाचित्र काढून त्याच फोल्डरांत ठेवावें, आणि दुकानांतून फाइलींबरोबर तीं खोकींहि आठवणीनें परत मागावीं.