नाण्यावर लावण करणारी बाई

नाण्यावर बहुधा राजा, नाहीतर राजमुद्रा. पश्चिम जर्मनीने मात्र १९४९ सालच्या ५० फेनिगच्या नाण्यावर गुडघा टेकून ओकचं रोप लावणारी बाई काढली. महायुद्धात आणि नंतर जळणापायी तिकडची जंगलं उजाड झाली होती. ती पुन्हा उभी करायला रोपं लावली ती बायाबापड्यांनी. त्यांचा हा मान. शिल्पकार रिचर्ड मार्टिन वेर्नर यांनी नमुन्याला आपल्या पत्नीलाच बसवलं. आपल्याकडे सरीत वाकून कांडी दाबतात बायकाच. पण कारखान्याकडं उसाची नोंद देताना नाव कुणाचं लावतो आपण? युरो येऊन २००१ अखेर ते नाणं बंद झालं. तोवर पन्नासएक वर्षं ती बाई दुकानदाराच्या गल्ल्यात रोप लावीतच होती.