संकट अमेरिकेत, मग डॉलर महाग का?

सन २००८ च्या अखेरीस पाल्यांच्या परदेशी शिक्षणाचे शुल्क भरण्यासाठी बँकेत येणारे पालक एकच प्रश्न विचारीत असत : दिवाळे निघाले अमेरिकेतील लेहमन ब्रदर्सचे, मग डॉलर उतरण्याऐवजी चढतो कसा? प्रश्न रास्त होता. त्या वर्षाच्या जानेवारीत एका डॉलरला ४० रुपयांहून थोडे कमी मोजावे लागत होते. वर्ष सरण्यापूर्वी हा दर ५० च्या वर जाऊन आला. म्हणजे वीस हजार डॉलरच्या शुल्कासाठी आठ लाखांऐवजी दहा लाख रुपये!

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे, की भ्यालेला गुंतवणूकदार सुरक्षित आसरा शोधतो आणि अमेरिकी सरकारचे रोखे हा त्याला सर्वांत भरवशाचा आसरा वाटतो. ते खरेच आहे. डिसेंबर २००८ मध्ये तेथील तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलांवरील परतावा काही काळ शून्याच्याही किंचित खाली गेला होता. पैसे सांभाळले जावेत म्हणून धनकोच पदरमोड करीत होता. परदेशी संस्थांनी भारतीय शेअर विकून डॉलर नेले, तेही याच ओघात.

परंतु एवढ्याने अर्धाच उलगडा होतो. अनेक युरोपीय बँकांनी अल्प मुदतीने डॉलर उसने घेऊन ते अमेरिकी गृहकर्जांवर आधारलेल्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांत गुंतविले होते. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे काढावयाचे, असा हा क्रम. १५ सप्टेंबर २००८ नंतर बँकांचा परस्परांवरील विश्वास उडाला व नवे कर्ज मिळेना. रोखे विकावेत, तर गिऱ्हाईक नाही. देणे मात्र डॉलरमध्येच चुकते करावयाचे! अमेरिकेच्या प्रकृतीविषयी कोणाचे मत काहीही असो, ऋणकोला मिळेल त्या भावाने डॉलर घेणे भाग होते. जुलैत एका युरोला सुमारे १.६० डॉलर मिळत. ऑक्टोबरच्या अखेरीस जेमतेम १.२५ च्या आसपास.

येनचेही तसेच. नाममात्र व्याजाने येन उसने घेऊन ते अधिक व्याजाच्या चलनांत गुंतविण्याची वहिवाट होती. ते सौदे मोडताना येन परत करावे लागले आणि येन डॉलरहूनही वधारला. याउलट १९९७ मध्ये थायलंडचा बाट कोसळला. तेथील कंपन्यांचे मोठे देणे डॉलरमध्ये होते.

डॉलरचा हा दुष्काळ ओळखून फेडरल रिझर्व्हने १३ ऑक्टोबर २००८ रोजी युरोप, इंग्लंड व स्वित्झर्लंड येथील मध्यवर्ती बँकांना चलन-अदलाबदलीने हवे तितके डॉलर देऊ केले. महिनाअखेर ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया व सिंगापूर यांचीही मर्यादित सोय झाली. त्या यादीत भारत नव्हता. आपल्या रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या गंगाजळीतून डॉलर विकले आणि परदेशांत शाखा असलेल्या भारतीय बँकांसाठी नोव्हेंबरमध्ये अदलाबदलीची सुविधा सुरू केली. तरीही मार्च २००९ मध्ये डॉलर ५२ रुपयांपर्यंत गेला, आणि त्या सुमारास शुल्क भरणाऱ्या पालकांना तोच भाव मोजावा लागला.